उजेडाची कणी होत नाही

तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत, असं कोणी विचारलं की मी सांगते, दाणे बघितले. समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाई थट्टा करते आहे. पण यात थट्टा काही नाही. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये माझी सगळी नोकरी तांदळाचे दाणे बघण्यात गेली, आधी सुपात आणि नंतर मशीनच्या काचेतून. या अंकासाठी कामाबद्दल लिहून द्या म्हणून संपादक घरी आले, तेव्हा मी त्यांना चहाबरोबर पोहे दिले. पोह्यात त्यांना खडा लागला नाही, हीच माझी ओळख समजा.

धंद्याबाहेरच्या माणसाला तांदूळ म्हणजे तांदूळ. आम्हाला मात्र त्यात जाती-पोटजाती दिसतात. धानाची साल काढली की आतून निघतो तो काही सगळाच पांढराशुभ्र नसतो. एखादा काळा पडलेला असतो, एखादा ओल लागून पिवळा झालेला, एखाद्याचं पोट खडूसारखं. शिवाय खडे, न सोललेलं धान आणि कणी. कणी म्हणजे तुटलेला दाणा. राईस मिलच्या मालकाला रात्री झोप लागत नसेल तर ती कणीमुळे, एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

मी कामाला लागले तेव्हा मिलच्या उत्तरेकडच्या पडवीत बाया ओळीनं बसत. उत्तरेकडे अशासाठी, की तिकडून ऊन थेट येत नाही, उजेड सारखा राहतो आणि दाण्याचा रंग खोटा दिसत नाही. मुकादम पोत्यात परखी खुपसायचा. परखी म्हणजे टोकदार नळी, ती पोत्याला न फाडता मूठभर नमुना बाहेर काढते. तो नमुना आमच्या सुपात पडायचा. काळे-पिवळे निघाले तर ते वेचून बाजूला ठेवायचे आणि किती निघाले ते सांगायचं. काहीच निघालं नाही तर मोठ्यानं म्हणायचं, "साफ!" मग मुकादम म्हणायचा, "पुढचं आन," आणि पुढच्या पोत्याचा नमुना यायचा. दिवसभर त्या पडवीत हेच चालायचं, साफ, पुढचं आन, साफ, पुढचं आन.

मला हे काम रायबाईनं शिकवलं. ती केशोरीकडच्या जंगलपट्ट्यातली, गोंड घरातली, माझ्याहून मोठी. पहिल्या दिवशी माझ्या सुपात काही सापडलं नाही म्हणून मी गप्पच बसले. तिनं कोपरानं ढोसलं.

"काऊन बसली मुकी?"

"काही भेटलंच नाई."

"नाई भेटलं हेबी सांगा लागते. तू चूप राहशीन तं मुकादमाले कसं समजन, का तू पाह्यलं का झोपली?"

हे बोलणं मी नोकरीभर विसरले नाही. साफ म्हणणं हेसुद्धा काम असतं. बघितल्याशिवाय ते म्हणता येत नाही आणि म्हटल्याशिवाय पुढचं पोतं येत नाही.

मग एक दिवस ट्रकमधून सॉर्टेक्स आलं. कपाटाएवढं मशीन, पुढं काच आणि पडदा. शेठनं बायांना बोलावून दाखवलं. वरून तांदूळ ओतला, खाली दोन तोंडं होती. एकातून पांढरा तांदूळ वाहू लागला, दुसऱ्यातून काळे-पिवळे दाणे. आम्ही सगळ्या मिळून दिवसभरात जेवढं बघायचो, तेवढं आमच्या डोळ्यांसमोर चहा पिऊन होईतो बघून झालं. रायबाई मशीनभोवती एक फेरी मारून आली आणि मला म्हणाली, "शीला, याले डोरे कोनं देल्ले वं?"

आमच्याकडे डोळ्याला डोरा म्हणतात. प्रश्न साधाच होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी शेठला विचारलं. शेठ म्हणाले, "कंपनी ने दिए, और कौन देगा?" हे काही उत्तर नव्हे, हे मलाही कळत होतं.

त्या हंगामानंतर पडवी रिकामी झाली. बहुतेक बायांना सांगण्यात आलं की आता यायचं नाही. मला ठेवलं ते अक्कल होती म्हणून नव्हे, तर पडद्यावरची अक्षरं वाचता येत होती म्हणून. रायबाई गावी गेली, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडू लागली आणि पावसात धानाच्या रोवणीला जाऊ लागली. मशीनची गोष्ट अभिमानानं सांगताना मला हेही सांगितलं पाहिजे. ज्या डोळ्यांनी मला पुढं नेलं, त्यांनीच तिला घरी पाठवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मशीन करतं काय ते सांगते. तांदूळ वरून उतरत्या पन्हळींवरून घसरत येतो आणि टोकाला हवेत सुटतो. तिथं दोन्ही बाजूंनी दिवे आणि कॅमेरे. प्रत्येक दाण्यावर उजेड पडतो, तो उलटून कॅमेऱ्यात जातो आणि तिथं उजेडाची वीज होते. पांढरा दाणा जास्त उजेड परत पाठवतो, काळा कमी. वीज कमी पडली की मशीन समजतं, हा आपला नव्हे. पापणी लवायच्या आत हवेची एक बारीक फुंकर सुटते आणि तो दाणा बाजूच्या डब्यात जाऊन पडतो. दिवसभर टिकटिक चालू असते. त्याच्या शेजारचे एकदोन चांगले दाणेही फुंकरीत जातात, म्हणून डब्यातला माल पुन्हा मशीनवर चढवायचा. सगळी खुबी त्या उजेडाची वीज होण्यात आहे. बाकी पत्रा आणि हवा.

या मशीनला अक्कल नसते, फक्त नजर असते, हे मी एका दसऱ्याला शिकले. शेठनं यंत्रपूजा केली. नारळ फोडला, झेंडूची माळ घातली आणि भक्तिभावानं कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर कुंकवाची पाच बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर त्या बाजूचा निम्मा पांढरा तांदूळ रिजेक्टच्या डब्यात. कारागिराला फोन, शेठ कपाळाला हात लावून बसलेले, बाहेर माल न्यायला आलेला ट्रक भोंगा वाजवतोय. मी काच पुसली आणि सगळं सुरळीत झालं. शेठला सांगितलं की पूजा पत्र्याची करा, डोळ्यात कुंकू घालू नका. तेव्हापासून त्या मिलमध्ये दसऱ्याला मशीनच्या मागच्या बाजूला हळदकुंकू वाहतात.

एक व्यापारी यायचा, त्याला कशावरच भरवसा नसे. तो घरून एका दाण्यावर शाईचा ठिपका देऊन आणायचा, पोत्यात टाकायचा आणि रिजेक्टचा डबा उपसत बसायचा. दाणा सापडला की तो खिशात घालून घेऊन जायचा, पुढच्या वेळच्या परीक्षेसाठी. दाणा तोच, परीक्षा तीच आणि दर वेळी त्याला तेवढंच नवल. मला तो माणूस आवडायचा.

पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती माझ्या भाचीची आहे.

माझा धाकटा भाऊ हरिदास केशोरीला शेती करतो. त्याच्या दोन मुली. थोरली मंगला लग्न होऊन गेलेली, धाकटी प्रज्ञा. प्रज्ञानं नागपूरला राहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि तिची दूरच्या एका संशोधन संस्थेत निवड झाली. काम काय, तर जमिनीखाली खूप खोल, एका जुन्या खाणीत, एक यंत्र बसवलेलं आहे. त्यात आजवर कोणालाच न सापडलेला एक कण शोधायचा. सापडेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. त्याच वेळी अर्जुनीच्या एका कॉलेजनं तिला शिकवायला बोलावलं होतं. घरून जाऊन-येऊन करता आलं असतं. महिनाअखेरीच्या आत दोन्हीकडे कळवायचं होतं. एकीकडे हो म्हटलं की दुसरीकडचं गेलं.

हरिदासनं मला केशोरीला बोलावून घेतलं. वडील गेल्यापासून घरातला मोठा निर्णय माझ्यासमोर होतो, एवढा मान तो अजून देतो. अंगणात बाजेवर बसलो. प्रज्ञा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बाई, तूच सांग," तो म्हणाला. "लोकं पुसतात, पोरगी काय करते. मी काय सांगू? खाणीत जाऊन अंधारात बसते म्हनू? इतकं शिकून खाणीतच जाचं होतं तं शिकाचं कायले?"

"बाबा, तिथं कोळसा नाई काढत."

"कोळसा काढली असती तं समजलं असतं. चूल तरी पेटते. अवं, शिकाचंच होतं तं बिरसीच्या विमानतळावर विमान उडवाले शिकती. डोक्यावरून जाते, लोकाइले दिसते तरी."

प्रज्ञाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. मग हरिदासनं तो प्रश्न विचारला.

"बरं, मले एवढं सांग. तो कण भेटला, तं त्याचा उपयोग काय?"

मी मनात म्हटलं, पोरी, काहीतरी सांग. औषध निघेल म्हण, वीज स्वस्त होईल म्हण. तो ऐकायला बसला आहे.

"आता तं मले माहीत नाई बाबा," प्रज्ञा म्हणाली. "कोनालेच माहीत नाई."

हरिदास उठला. "जिले सोताले माहीत नाई, तिले मी कायले पाठवू?" एवढं बोलून तो बांधीकडे निघून गेला. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. तिथं गेला की तो दिवस मावळेपर्यंत येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पोरगी खरं बोलली म्हणून हरली, याचा मला राग आला. पण तिच्या बाजूनं बोलायला माझ्याकडेही शब्द नव्हते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गोंदियाला परत आले.

पुढच्याच आठवड्यात हरिदासचा फोन आला. मंगला बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मोकळी झाली होती. आमच्याकडे बाळंतिणीला लाल तांदळाची पेज देतात. त्यासाठी हरिदास एका कोपऱ्यातल्या बांधीत दर वर्षी थोडं लाल धान लावतो. गावच्या हलरवर तो त्याची नुसती साल काढून आणतो, लाली तशीच ठेवून. पण हलरच्या तांदळात खडे फार. म्हणाला, "बाई, तुह्या मशीनमधून खडा काढून दे. लेकरू आईच्या दुधावर आहे, पेज साफ पाहिजे." मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण हंगामात मशीन लावून द्यायला शेठ मला बोलावत. मी ये म्हटलं.

तो टेम्पोत पोतं टाकून आला आणि सोबत प्रज्ञाला घेऊन आला. तिला गोंदियातून काही कागद न्यायचे होते. वाटेत कोहमाऱ्याला चहाला थांबलो म्हणाले, पण तिथंही बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मी त्यांना ऑफिसात बसवलं, पाणी दिलं, मंगलाची आणि बाळाची चौकशी केली. तेवढ्यात घोटाळा झाला.

टेम्पोतून पोतं उतरवणाऱ्या हमालानं पोत्याची शिवण कापली आणि नेहमीच्या सवयीनं पोतं मशीनच्या तोंडात ओतलं. मशीन लागलेलं होतं पांढऱ्या तांदळाला. ऑपरेटर दुबेजी धावत आले. "दीदी, गड़बड़ हो गई. मशीन ने सब लाल फेंक दिया."

जाऊन बघते तर चांगल्या मालाच्या तोंडातून काहीच नाही आणि हरिदासचा सगळा तांदूळ रिजेक्टच्या डब्यात. आणि त्या डब्यात सकाळपासूनचा मिलचा कचरा होताच, काळे दाणे, पिवळे दाणे, खडे, सालीचं धान. बाळंतिणीचा तांदूळ त्यात मिसळून गेला होता.

हरिदास डब्यात वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "माहा तांदूर सडका आहे का बाई? काऊन फेकला यानं?"

"सडका नाई रे. याले पांढरा तेवढा चांगला, असं सांगून ठेवलं आहे. लाल चांगला असते हे त्याले कोनी सांगतलंच नाई."

"मंग आता?"

"आता उलटं करू."

उलटी छाननी आम्ही क्वचित करतो. नेहमी मशीनला सांगायचं असतं की हे वाईट, एवढं फेक. उलट्या छाननीत सांगायचं की लाल दाणा दिसला की तो फेक आणि बाकी सगळं जाऊ दे. म्हणजे फेकण्याचा डबा हाच राखण्याचा डबा होतो. मी मूठभर लाल दाणे निवडून काढले, मशीनला दाखवले, पडद्यावर रंगाची हद्द ठरवून दिली. प्रज्ञा माझ्या खांद्यावरून बघत होती. दुबेजींनी माल चढवला आणि टिकटिक सुरू झाली. डब्यात लाल दाणे पडू लागले.

प्रज्ञा एकदम म्हणाली, "आत्या, आमचंबी असंच आहे."

"असंच म्हंजे?"

"उलटी छाननी. आमच्या यंत्रात कचराच जास्त येतो. ओळखीचे कण, खडकातले, आकाशातून पडणारे. ते कमी यावे म्हणून तं खाणीत खोल जातात, वरचा डोंगर गाळून घेतो. तरी येतात. ते सगळे ओळखून जाऊ द्यायचे आणि ओळखीत न बसणारा एक आला तं तेवढा ठेवायचा."

"आन तो आला हे समजते कसं?"

"एका स्फटिकात बारीकसा उजेड चमकतो. तो पकडायला असेच डोळे लावले आहेत. या मशीनचे भाऊच समज."

मला रायबाईचा प्रश्न आठवला. इतक्या वर्षांनी तो विचारायला योग्य माणूस समोर उभं होतं. मी विचारलं, "प्रज्ञा, या मशीनले डोळे कोणी दिले गं? कंपनीनं म्हणू नको."

ती तिथंच पोत्यावर बसली. हरिदास डब्याजवळ उभा होता, पाठ आमच्याकडे, पण तो ऐकत होता.

"बाबांच्या आजोबाच्याबी आधीची गोष्ट आहे," प्रज्ञा सांगू लागली. "एक माणूस ठिणग्या पाडून बघत होता. विजेच्या लाटा हवेतून जातात का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याच्या ध्यानात आलं की ठिणगीवर दुसऱ्या ठिणगीचा उजेड पडला तं ती सोपी उडते आणि मधात आड काही ठेवलं का कमजोर होते. काऊन, हे त्याला समजलं नाही. त्यानं जे दिसलं ते लिहून ठेवलं आणि आपल्या कामाला लागला."

"मग?"

"मग दुसऱ्यांनी त्याच्यावर डोकं फोडलं. धातूवर उजेड पडला की वीज सुटते, हे समजलं. पण गंमत अशी की लाल उजेड कितीही जोरात पाडा, काही सुटत नाही. आणि जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड मंद असला तरी लगेच सुटते. असं काऊन? शेवटी एकानं सांगितलं की उजेड पाण्यासारखा वाहत नाही, दाण्यादाण्यानं पडतो. रंगाप्रमाणे दाणा लहान-मोठा. एका दाण्यात दम असला तं वीज सुटते, नसला तं हजार दाणे ओता, नाही सुटत."

"उजेडाचे दाणे?" मी म्हटलं. "आन त्यात कणी निघते का?"

मी मिलच्या सवयीनं विचारलं होतं. प्रज्ञा मात्र माझ्याकडे बघतच राहिली.

"नाही आत्या. उजेडाची कणी होत नाही. पडला तं पूर्ण दाणा पडतो, नाही तं पडतच नाही. तेच तं समजायला इतके दिवस लागले."

सांगते, नोकरीत असा आनंद मला कधी झाला नव्हता. ज्या धंद्यात कणीपायी मालक रडतात, त्या धंद्याच्या मशीनचा जीव अशा मालात आहे ज्याची कणीच होत नाही. आणि हे शोधून काढणाऱ्यांतल्या एकालाही राईस मिल माहीत नव्हती. ठिणगी का उडते, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्याही घरी कोणी विचारलं असेल, उपयोग काय? तेही खरं बोलले असतील तर म्हणाले असतील, माहीत नाही.

"तुमच्या बांधीवरचा सोलर पंपबी त्याच घरातला आहे बाबा," प्रज्ञा हळूच म्हणाली. हरिदासनं मान वळवली.

मला मात्र गप्प राहवलं नाही. मी म्हटलं, "उपयोग झाला हे खरं, पण सगळ्याइचा सारखा नाई झाला. रायबाई याच डोळ्यांपायी घरी बसली. तू शोधशीन त्याचंबी तसंच होईन. कोनाले मिळन, कोनाचं जाईन."

"हो आत्या," ती म्हणाली. "ते खाणीत नाही ठरत. ते वर ठरते." हे उत्तर मी अजून मनात घोळवते आहे. मला ते पटतं आणि पुरतं पटतही नाही.

लाल तांदूळ मशीनवरून पुन्हा पुन्हा काढला. तरी लालसर खडे त्यात राहिलेच, कारण मशीन रंग बघतं, खडा आहे की दाणा हे त्याला कळत नाही. तेव्हा मी जुनं सूप मागवलं. उत्तरेच्या पडवीत बसून आम्ही दोघी हातानं बघू लागलो. हरिदास मूठ-मूठ तांदूळ सुपात टाकत होता. सूप बघून झालं आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीनं निघालं, "साफ!"

हरिदास दचकला. "कायले वरडली?"

मी त्याला पडवीतली रीत सांगितली. रायबाईचं म्हणणंही सांगितलं, की नाही भेटलं हेही सांगावं लागतं, नाहीतर पुढचं पोतं येत नाही. तो मुठी टाकत राहिला. मग मुलीकडे न बघताच बोलला. आठवडाभरात तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

"तुमच्या तिथं नाई भेटलं तं काय करतात?"

"जगाले सांगतात बाबा. इथवर पाह्यलं, इथं नाई. मग यंत्राची नजर अजून बारीक करतात आणि पुन्हा पाहतात."

"म्हंजे साफ म्हनतात."

"हो. साफ म्हनतात."

"आन आहे हे कायवरून? नसनच तं?"

"वजनावरून बाबा. तारे फिरतात त्यावरून वजन काढलं तं भरते जास्त आणि दिसणारा माल निघतो कमी. पोतं काट्यावर जड आहे, पण खोलून पाहा तं तेवढा तांदूळ दिसत नाही. मग उरलेलं काय आहे, ते नको का पाहायला?"

हरिदासनं आयुष्यभर पोती तोलली आहेत. काट्यावर एक आणि पोत्यात दुसरं, ही गोष्ट त्याला झोपेतही सहन होत नाही. शेवटचं सूप झालं, पोतं शिवलं, शेठला हात जोडले आणि दोघं टेम्पोत बसून निघाले. निर्णय काय झाला ते मला कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. त्या रात्री मी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. परतताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर ते चहाला थांबले होते. ढाबेवाला हरिदासच्या ओळखीचा. त्यानं विचारलं, "हरिदासभाऊ, पोरगी काय करते आता?" प्रज्ञानं मान खाली घातली. हरिदासनं बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाला, "वेचाईच्या कामाले जाऊन रायली. तिच्या आत्यासारखी."

"काय वेचते?"

"जो आजवर कोनाले नाई भेटला तो दाना."

प्रज्ञाला परवानगी मिळाली ती अशी, ढाब्यावर, तिसऱ्या माणसाला दिलेल्या उत्तरात. हे सांगताना ती फोनवर रडत होती आणि मीही.

आता तिला तिकडे जाऊन बरेच महिने झाले. खाणीत असली की फोन लागत नाही, वर आली की ती आधी बापाला लावते. मागच्या खेपेला मी केशोरीला होते. मंगलाचं बाळ अंगणात रांगत होतं. रायबाई आली होती, तिला मीच निरोप पाठवून बोलावलं होतं. आता तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मशीनला डोळे कोणी दिले ते मी तिला सांगितलं, ठिणगीपासून सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पाह्यनाराचेच होते मंग ते डोरे. बरं झालं."

तेवढ्यात फोन वाजला. हरिदासनं तो स्पीकरवर ठेवला. तो दर वेळी एकच विचारतो.

"भेटला का वं?"

"नाई बाबा. साफ."

हरिदास बोलायच्या आधीच बाजेवरून रायबाईचा आवाज आला, पडवीत असायचा तसाच खणखणीत.

"मंग पुढचं आन."